पूर्ण नाव

टिळेकर काकूंबद्दल लिहिण्याचा मला तसा काही अधिकार नाही. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, मला शिकवायलाही नव्हत्या. अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही राहायचो, एवढाच संबंध. शिवाय त्या हयात आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत. हे वाचलं तर ‘तुला हे उद्योग कोणी सांगितले होते रे?’ असं त्या विचारतील. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आठवणीतल्या एखाद्या माणसावर लिहा, असं मराठीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा बाकीच्या मुलांनी गावचे मास्तर, आजोबा, कोणी पैलवान अशी माणसं निवडली. मला मात्र काकूच आठवत राहिल्या. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. असलं काही लिहायची सवय आमच्याकडे कोणालाच नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

काकू फिजिओथेरपिस्ट. अबुधाबी शहरातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला होत्या. माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्या त्याची चाल बघत. आमचा जिना त्यांच्या स्वयंपाकघराला लागून होता. बाबा मुसाफातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करायचे. ते संध्याकाळी जिना चढू लागले की आतून काकूंचा आवाज यायचा, “आज दिवसभर उकिडवे बसलात ना?” बाबा दचकून थांबायचे. त्यांना कधी कळलंच नाही, की या बाईला दिसल्याशिवाय दिसतं कसं.

मी भेटलो की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “खांदे सोड.” मी सोडायचो. दोन पावलं गेलो की पुन्हा, “अरे, कानाला लावून कशाला फिरतोस ते? फोन आहेत का?” व्हिलातल्या सगळ्या पोरांना त्या अशाच धरायच्या. त्यांचा स्वतःचा मुलगा निखिल तेव्हा चौथी-पाचवीत असेल. तो ताठ बसून इंग्रजीतून वैतागायचा, “आई, आय ॲम नॉट युअर पेशंट!” काकू म्हणायच्या, “पेशंट असतास तर ऐकलं असतंस.”

‘बरं होईल’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. गुडघा बरा होत नाही, गुडघा शिकतो, असं त्यांचं म्हणणं. “त्याला कोणीतरी वाकडं शिकवलेलं असतं. आपण सरळ शिकवायचं. वेळ लागतो. घाई केली की तो रुसतो.” मला ते फार आवडायचं. कोणाचा गुडघा रुसल्याचं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

आता मला आश्चर्य वाटतं ते एका गोष्टीचं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मला त्या काकू. आई-बाबांना टिळेकर वहिनी. शेजारच्या खोलीतल्या बायकांना निखिलची आई. हॉस्पिटलात मॅडम. त्यांच्याबरोबर काम करणारा जोसेफ म्हणून एक मल्याळी फिजिओथेरपिस्ट होता, त्याला त्या चेची, म्हणजे ताई. आणि त्यांचे अरब पेशंट त्यांना उम्म निखिल म्हणायचे, म्हणजे पुन्हा निखिलची आईच. काका तर ‘अगं’ म्हणायचे. नावाची गरज कोणालाच पडत नव्हती. काकूसुद्धा माझ्या आईला ‘संदेशची आई’ म्हणूनच हाक मारायच्या, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचंही कारण नव्हतं.

मग ती मंदी आली. आम्हा मुलांना ती आधी क्रेनवरून कळली. शाळेच्या बसमधून दिसणाऱ्या क्रेन एका जागी थांबल्या त्या थांबल्याच. टिळेकर काका एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होते. बांधकामाला काय आणि किती माल लागेल, त्याचा हिशेब करणारे. बांधायचंच थांबल्यावर मोजायचं काय? कंपनीने त्यांना काढलं. काका तरीही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसत. काकू जाता-येता त्यांच्या पाठीमागे एक उशी सरकवून ठेवत.

पुढे काकूंच्या हॉस्पिटलनेही फिजिओथेरपीचा विभाग बंद केला. काकू आणि जोसेफ दोघेही घरी बसले. तिकडे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी सोय करा, नाहीतर निघा. आमच्या ओळखीची कितीतरी घरं त्या काळात निघून गेली.

एका शुक्रवारी व्हिलाच्या अंगणात खुर्च्या टाकून काका, काकू आणि जोसेफ बसले होते. मी पायरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन होतो. जोसेफ म्हणत होता, की आपण दोघं मिळून स्वतःचं सेंटर काढू. जोसेफची भाषा हिंदी, इंग्रजी आणि अधूनमधून मल्याळी.

काका उत्साहाने म्हणाले, “चांगलं आहे. मीही थोडे पैसे घालतो. तिघं पार्टनर.”

“नो, अरविंदभाई,” जोसेफ म्हणाला. “ये प्रोफेशनल कंपनी है. सिर्फ पैसावाला नहीं चलेगा. जिसका लायसन्स, वही पार्टनर.”

“म्हणजे माझ्या बायकोच्या कंपनीत मी कोण?”

“नवरा,” काकू म्हणाल्या.

जोसेफला मराठी येत नव्हतं, पण तोही हसला.

आई चहा घेऊन खाली आली होती. तिने विचारलं, “आणि ते लिमिटेड का काय म्हणतात, ते असतं का यात?” काकांनी तिला समजावलं, की कंपनीला देणं झालं तर ते कंपनीपुरतंच राहावं, घरावर येऊ नये, अशी सोय होते का तेही आम्ही बघतोय. काकू चहाचा कप हातात धरून जोसेफला म्हणाल्या, “और मेरे हाथ से किसी का कंधा बिगड गया तो?”

“वो आपका, चेची. हाथ जिसका, जिम्मेदारी उसकी. उसमें लिमिट नहीं.”

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. या सगळ्या प्रकरणात त्यांनी स्वतःहून विचारलेला कायद्याचा प्रश्न मला एवढाच आठवतो.

म्हणजे गोष्ट अशी होती. काकूंना नवा परवाना मिळाला तर त्या भागीदार होणार, त्यांच्या व्हिसावर काका आणि निखिल राहणार. नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. काकांना मुंबईत लगेच काही मिळण्यासारखं नव्हतं. हे सगळं घर काकूंच्या एका परवान्यावर आलं होतं, आणि व्हिलात ते सर्वांना माहीत होतं.

याच मधल्या दिवसांत बाबांचा खांदा धरला. हात वर जाईना. आई त्यांना घेऊन सरळ खाली गेली. मीही गेलो. काकूंनी बाबांना दारातून आत येताना पाहिलं, आणि खरं सांगतो, त्यांचे दोन्ही हात पुढे आले. मग त्यांनी ते मागे नेले आणि पाठीशी एकात एक अडकवले.

“संदेशची आई, मी हात नाही लावू शकत.”

“का बरं?” आईला समजेना.

“जुना परवाना हॉस्पिटलबरोबर गेला. नवा आला नाही. परवान्याशिवाय मी या देशात कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही.”

“अहो, घरातल्या घरात कोण बघतंय? दार लावून घेऊ.”

“मी बघतेय ना,” काकू म्हणाल्या.

त्यांनी बाबांना कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगितलं, तिथल्या माणसाला फोन करून वेळही घेतली. पण आई दुखावली. वर आल्यावर म्हणाली, “एवढा काय मोठा भाव! पाणी मागितलं असतं तर तेही परवान्याशिवाय दिलं नसतं.” बाबा म्हणाले, “असू दे गं. नियम आहे तिचा.” आई पुढे कित्येक दिवस काकूंशी बोलली नाही. काकूंनीही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. त्या फक्त आई जिन्यात दिसली की बाजूला होऊन वाट द्यायच्या. पुढे एकदा मी जवळपास असताना त्या आपले तळवे बघत म्हणाल्या, “सध्या हे फक्त भाकरी थापायला.” ते माझ्याशी बोलल्या की स्वतःशी, मला नक्की सांगता येणार नाही.

अशा कंपनीसाठी तेव्हा तिथला एक नागरिक एजंट म्हणून लागायचा. नफ्यात त्याचा वाटा नसतो, पण त्याच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. काकूंचे एक जुने पेशंट होते, अबू सालेम. सत्तरीच्या पुढचे, अंगात कंदूरा म्हणजे पांढरा पायघोळ अंगरखा, हातात काठी. त्यांच्या तरुणपणी त्यांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्या बाबांपेक्षा बरं होतं. पडून कंबर मोडल्यावर काकूंनी त्यांना पुन्हा चालायला शिकवलं होतं. ते स्वतः गाडीतून आले, अंगणात बसले, खजूर आणि कॉफी झाली.

“मैं सब साइन करेगा,” ते म्हणाले. “लेकिन मेरा बेटा पूछता है, पार्टनर का पूरा नाम क्या है. मैं बोला उम्म निखिल. वो बोला, बाबा, ये नाम नहीं चलेगा. तुम्हारा नाम क्या है, उम्म निखिल?”

काकू म्हणाल्या, “कौन सा?”

अबू सालेम इतके हसले, की काठी खाली पडली. “हबीबती, बेटी, मेरा भी बहुत है. बाप का, दादा का, कबीले का. लेकिन सब एक ही आदमी का है.”

“मेरा थोड़ा अलग है,” काकू म्हणाल्या.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पासपोर्टवर त्या मीरा अरविंद टिळेकर होत्या. पण त्यांची पदवी होती कमल जनार्दन परब या नावाची. कुडाळकडच्या परबांची ही मुलगी मुंबईच्या कॉलेजात शिकली, पास झाली, नोकरीला लागली ती कमल म्हणून. मग लग्न झालं. टिळेकरांच्या घरात थोरल्या नणंदेचं नाव कमलच होतं. एका घरात दोन कमल कशा चालतील? म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, मीरा. आपल्याकडे पुष्कळ घरांत असं होतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि कधी कधी पहिलंही. तिन्ही बदलल्यावर जुन्यातलं उरतं काय, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता.

अबुधाबीतल्या नोकरीच्या वेळी हॉस्पिटलच्या माणसाने एका प्रतिज्ञापत्रावर भागवून नेलं होतं. आता तपासणी कडक झाली होती. परवान्याच्या कार्यालयाने थेट मुंबईच्या कॉलेजला विचारलं, मीरा टिळेकर तुमच्याकडून पास झाल्या का? कॉलेजने कळवलं, या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडून उत्तीर्ण झालेली नाही.

जोसेफने हे अंगणात येऊन सांगितलं तेव्हा काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल आधी नीट पिळला. “बरोबर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “मीरा कधी कॉलेजात गेलीच नाही.”

मी तेव्हा बारावीत होतो. पुढच्या वर्षी कॉलेजात जायचं म्हणून घरात सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. पदवी मिळवलेलं, रोज भेटणारं माणूस माझ्या ओळखीत काकूच होत्या. एवढं शिकलेल्या माणसाला ‘तू शिकलीच नाहीस’ असं कोणी लिहून कळवू शकतं, याची मला मनातून भीती वाटली.

मग काकूंनी जुन्या नावाने अर्ज करायचं ठरवलं. माझ्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज टाइप करून घ्यायला मी बाबांबरोबर टायपिंग सेंटरला गेलो होतो, तेव्हा काकू आमच्या पुढेच खुर्चीवर बसल्या होत्या. तिकडे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देणारी अशी दुकानं असतात. आमच्या इथला टायपिस्ट हैदराबादचा होता. काकूंची पदवी हातात धरून तो म्हणाला, “मॅडम, ये तो जेन्ट्स का सर्टिफिकेट है. हजबंड का लाए क्या?”

“मेरा है.”

“आप तो मीरा हैं.”

“शादी के बाद मीरा. पहले कमल.”

“कमाल?”

“कमाल नहीं, कमल. फूल होता है.”

तो हसला, पण अदबीने. “मॅडम, उधर फूल होता है. इधर कमाल आदमी होता है. अरबी में ऐसाइच लिखते.” मग त्याने आडनावाकडे पाहिलं. “और ये परब में प है. अरबी में प नहीं आता. बरब लिख दूँ?”

“लिखो,” काकू म्हणाल्या. “पण बाई आहे, एवढं लिहा हो कुठेतरी.” शेवटचं वाक्य त्या मराठीतच बोलून गेल्या.

त्याने लिहिलं असेलही. पण पुढे कार्यालयातून जोसेफला विचारणा झाली, की मिस्टर कमाल बरब स्वतः हजर का राहत नाहीत, आणि त्यांच्या जागी ही बाई का येते? जोसेफ हे सांगताना हसत होता, काकाही हसले, आणि काकूही. काका म्हणाले, “बघ, आता मलाच मिस्टर कमाल म्हणून उभं कर. मी रिकामाच आहे.” त्यावर मात्र काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही रिकामे नाही आहात. असं बोलू नका.”

वेळ जात होता. सेंटरच्या जागेचा मालक घाई करत होता. दुबईहून आलेली एक फिजिओथेरपिस्ट जोसेफबरोबर यायला तयार होती. तिच्या नावाचा काही घोळ नव्हता. जोसेफ ते सांगायला आला आणि बराच वेळ हवापाण्याचंच बोलत बसला. शेवटी काकूच म्हणाल्या, “जोसेफ, तू उसके साथ शुरू कर. मेरा नाम आएगा तब आएगा.”

“चेची, मैं वेट करता है.”

“गुडघ्यासारखं करू नकोस,” काकू म्हणाल्या, मग त्यांना आठवलं की त्याला मराठी समजत नाही. “मेरे लिए लंगड़ा मत चल. जा.” तो गेला. त्या दिवशी काकूंच्या घरातून काही आवाज आला नाही, कुकरचासुद्धा.

काका मार्ग शोधत होते. त्यांनी सुचवलं, की सरळ कमल अरविंद टिळेकर असं नाव करून टाकू, म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं राहील. काकू म्हणाल्या, “त्या नावाचं कोणी जन्मलं नाही आणि त्या नावाने कोणी शिकलंही नाही.” मग परवान्याची कागदपत्रं बघणाऱ्या एका सल्लागाराने दोन वाटा सांगितल्या. दोन्हींसाठी आधी भारतातल्या राजपत्रात जाहीर करायचं, की ही आणि ती बाई एकच. पण पासपोर्टवर नाव कोणतं ठेवणार, ते एकदाच ठरवा. मीरा ठेवलं तर परवान्याला पुन्हा खुलासे. कमल जनार्दन परब केलं तर परवाना सोपा, पण निखिलच्या जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून मीरा होती.

काका हळू आवाजात म्हणाले, “निखिल तुझ्या व्हिसावर यायचा आहे. त्याच्या दाखल्यावर मीराच आहे गं.” हे बोलणं अंगणातच चाललं होतं. व्हिलात भिंती पातळ, त्यामुळे लोक महत्त्वाचं बोलणं अंगणात करत, आणि ते सगळ्यांनाच ऐकू येई.

“म्हणजे पोरगा मीराचा आणि पदवी कमलची,” काकू म्हणाल्या. “आणि मी?”

निखिल तिथेच सायकल उलटी करून चेन बसवत होता. तो मान वर न करता म्हणाला, “यू आर जस्ट आई. टेल देम.”

त्याच दुपारी माझी आई खाली गेली. इतक्या दिवसांचा अबोला होता, तरी गेली. मी जिन्यात होतो. आईने दारातच विचारलं, “वहिनी, खरंच का हो तुमचं नाव कमल होतं?” काकू हो म्हणाल्या. आई म्हणाली, “माझं तारा होतं.” इतकंच. मी माझ्या आईला सुनंदा म्हणून ओळखत होतो. तिचं आणखी एक नाव होतं, हे मला तेव्हा, जिन्यात उभा असताना कळलं. काकू म्हणाल्या, “आत या.” दार लागलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आई बऱ्याच वेळाने वर आली आणि कणीक मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कुडाळला भावाला फोन लावला. त्यांचा मालवणी आवाज मी प्रथमच ऐकला, आणि तो त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा होता. “अरे मेल्या, माझां नाव तुका तरी आठवता मां? मगे मुंबैक जा आणि काय ता कर!” भाऊ मुंबईला गेला. राजपत्राचं काम सुरू झालं. काकूंनी पासपोर्टवर कमल जनार्दन परब करायचं ठरवलं होतं. निखिलच्या दाखल्याचा खुलासा वेगळा जोडायचा, त्याला वेळ लागला तर लागू दे, असं त्या म्हणाल्या. काका दूतावासात त्यांच्याबरोबर जायचे. रांगेत काकू उभ्या राहायच्या, पण रांग सरळ नाही म्हणून वैतागायचे काका.

यातलं काहीच भराभर होत नव्हतं. रमजान आला, कार्यालयांच्या वेळा कमी झाल्या. सल्लागाराचं उत्तर एकच, “इन्शाल्ला.” तिघांची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळेल की नाही, ते कोणी सांगत नव्हतं. काकूंनी घरातल्या वस्तू दोन गटांत लावून ठेवल्या होत्या. एक गट राहिलो तर, एक गट निघालो तर. पाहुणा आला की त्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं, याची पंचाईत व्हायची. “त्या खुर्चीवर बसा,” त्या म्हणायच्या, “ती राहणारी आहे.”

मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही उशिरा, दुसऱ्या यादीत. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला खाली गेलो, तर घराचं दार उघडं आणि आत कोणी नाही. काकू बाहेर होत्या, भिंतीच्या सावलीत, काकांच्या गाडीपाशी. काकांना जायला जागा नसल्यामुळे गाडी बरेच दिवस हलली नव्हती आणि तिच्यावर वाळूचा पातळ थर बसला होता. काकू बॉनेटवर वाकून बोटाने काहीतरी लिहीत होत्या. तळव्याने पुसत होत्या आणि पुन्हा लिहीत होत्या.

“सही,” मला बघून त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मीरा टिळेकर केली. नव्या पासपोर्टवर कमल परब करायची आहे. बोट ऐकत नाही रे. क काढला की पुढे ‘म’च्या जागी ‘मी’च येतो.”

मी म्हटलं, “काकू, शिकेल ते.”

त्या सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मग म्हणाल्या, “जा. तुझं नाव एकच आहे. सगळीकडे तेच लिही.” मी वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्यांचे हात धुळीने भरलेले होते. त्यांनी ते बाजूला धरले आणि कोपराने माझी पाठ थोपटली. मी गेटबाहेर पडून मागे पाहिलं तेव्हा त्या पुन्हा गाडीवर वाकल्या होत्या. बॉनेटवरची जागा संपली असावी, कारण आता त्या दारावर लिहीत होत्या.

पुण्यात मी कामाला लागलो. अभ्यास जड जात होता. पहिले काही महिने मला कॉलेजात विचारलेलं अर्धं समजत नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती. घरी फोन व्हायचा, पण तो महाग, म्हणून बोलणं थोडक्यात. जेवलास का, पैसे आहेत का. खालच्या लोकांचं काय झालं, हे मी एक-दोनदा विचारलं. “अजून काही नाही” असं उत्तर आल्यावर मी विचारायचंही सोडलं. मला वाटलं, गेले असतील. सांगायला कोणाला जमत नसेल.

दिवाळीनंतर एकदा आईचा फोन आला. मी वसतिगृहाच्या जिन्यात होतो. नेहमीसारखं जेवलास का वगैरे काही न विचारता ती म्हणाली, “कमलचं झालं रे.”

तिच्या आवाजाच्या मागे कोणी तरी हसत होतं, भांडी वाजत होती, बाबा काही तरी सांगायचा प्रयत्न करत होते.

“कोण कमल?” मी विचारलं.

माझ्या अडाणीपणाचं तिला खरंच नवल वाटलं असावं.

“कोण काय? आपली कमल. परवाना आला, जोसेफने जागा राखून ठेवली होती. आजपासून पार्टनर. तिघांचे व्हिसे लागतायत.” मग फोन थोडा दूर धरून तिने हाक मारली, अगदी मोठ्याने, जिन्यावरून खाली ऐकू जाईल अशी, “कमल, ए कमल! वर ये. संदेश आहे फोनवर.”